मांजरपाटाचा सदरा

१९७२ साली देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा मी चौथीत होतो. आमचं गाव माळशिरस तालुक्याच्या पश्चिमेला, माळावर. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आमच्या शिवारापर्यंत कधी चढलंच नाही. कालव्याखालच्या गावांत ऊस, आमच्याकडं कुसळं. त्यात सलग दोन वर्षं पावसानं ओढ दिलेली आणि तिसऱ्या वर्षीही मृग कोरडा गेलेला. आण्णा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे.

पंधरा ऑगस्टच्या आधी आठ दिवस गुरुजींनी वर्गात सांगितलं, "औंदा मोठी प्रभातफेरी हाय. पांढरा सदरा आन् खाकी चड्डी. ड्रेस नसंल त्यानं फेरीत यायचं न्हाय."

चड्डी होती. थोरल्या चुलतभावाची उतरलेली, मागं चष्म्यासारखी दोन ठिगळं लावलेली. सदरा मात्र नव्हता. धाकट्याच्या बारशात कुणीतरी दिलेला मांजरपाटाचा तुकडा आईनं ट्रंकेत जपून ठेवला होता. तो घेऊन ती शिंपी तात्यांकडं गेली. तात्या म्हणाले, "पैशाचं बघू सुगीला." सुगी होणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तात्यांनी रात्री कंदिलाच्या उजेडात सदरा शिवून दिला.

पण मांजरपाट पांढरा नसतो. कोरा मांजरपाट पिवळसर असतो, ताकात हळद पडल्यासारखा. फेरी सुरू व्हायच्या वेळेला गुरुजी रांगेवरनं नजर टाकत आले. माझा आवाज खडा म्हणून मी पुढं उभा होतो, घोषणा मीच द्यायच्या होत्या. गुरुजी थांबले. माझ्या सदऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू मागं जा."

एवढंच. मारलं नाही की हिडीसफिडीस केलं नाही. मी सगळ्यात मागं, मुलींच्याही मागं, तोंड न उघडता गावभर फिरलो. दारात उभी राहून आई फेरी बघत होती. तिनं पुढच्या रांगेत मला शोधलं आणि नजर मागं मागं आणत शेवटी मी दिसलो. आज मी साठी ओलांडलीय. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून विसरता आलेला नाही.

ही रडकथा म्हणून सांगत नाही. पुढं मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक झालो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, आणि सगळी नोकरी मी पोरांच्या कपड्यांचा हिशेब करत काढली. त्या हिशेबातनं मला जे कळलं ते सांगायचं आहे. शाळेचा गणवेश हा गरिबी झाकायला असतो. बागाइतदाराचं पोर आणि मेंढक्याचं पोर एका बाकावर बसलं तर कोण कुणाचं हे कपड्यावरनं कळू नये, एवढ्यासाठीच तो काढला. पण तो उशिरा आला, मापात बसला नाही, किंवा चौघांना देऊन पाचव्याला वगळला, तर तोच गणवेश गरिबी चव्हाट्यावर मांडतो. अशा वेळी नसता तर बरं, असं वाटतं.

आता वगळण्याचंच बघा. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, असं कायदा म्हणतो. पण सर्व शिक्षा अभियानातून मोफत गणवेश यायचा तो पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलींना, आणि मुलांपैकी फक्त अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांना. आमच्या भागात धनगर समाज मोठा. तो भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचितात नाही. त्यामुळं मेंढक्याच्या पोराला गणवेश मिळायचा तर बापाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत पाहिजे.

ही यादी कशी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २००२ च्या सर्वेक्षणात तेरा प्रश्न होते. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितके गुण कमी तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसलं, आणि तिसरा प्रश्न अंगावरच्या कपड्यांचा. घरात माणशी दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. ग्रामसेवकाबरोबर मीही वाड्यावस्त्यांवर फिरलो. एका वस्तीवर म्हातारबाबा घोंगड्यावर बसलेले. विचारलं, "बाबा, कापडं किती हायती घरात?"

आता असं कुणी दारात येऊन विचारलं तर कुठला माणूस कमी सांगंल? बाबांनी फेटा मोजला, धोतरं मोजली, खांद्यावरचं घोंगडं मोजलं. आत बघून सुनेला म्हणाले, "तुझं लग्नातलं लुगडं बी सांग की गं." तिनंही सांगितलं. मी आकडा लिहून घेतला. त्या घराचे गुण वाढले. बाकीच्या प्रश्नांतही असंच झालं असणार. ते घर यादीत बसलं नाही. अब्रू राखायला सांगितलेले चार कपडे त्या घराला महागात पडले, आणि आकडा माझ्या हातचा होता.

पुढं दहा-अकरा वर्षांनी मी त्याच वस्तीच्या शाळेवर बदलून आलो. गणवेशाचे पैसे आले. तेव्हा एका गणवेशाला दोनशे, दोन गणवेशांचे मिळून चारशे रुपये. टेलर शाळेत येऊन व्हरांड्यात मापं घेत होता. पोरं रांगेत. एक चौथीतला पोरगा रांगेतनं पुढं आला, हात पसरून उभा राहिला, टेलरनं टेप लावली. मी यादी बघितली. त्याचं नाव नव्हतं. त्याच्या दुसरीतल्या बहिणीचं होतं, कारण मुली सगळ्याच यादीत. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "तुझं माप पुढच्या येळी."

त्यानं काही विचारलं नाही. हात खाली घेतले आणि वर्गात जाऊन बसला. माझ्या तोंडनं मीच ते "तू मागं जा" म्हटलं होतं. शब्द तेवढे वेगळे.

संध्याकाळी त्याची आई आली. पदर डोक्यावर घेऊन फाटकातच उभी राहिली.

"गुरुजी, पोरीला दिला आन् पोराला न्हाय. त्येचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही आक्का. यादीत नाव नाही."

"कंची यादी?"

मी सांगितली. तिनं जरा आठवून बघितलं. मग म्हणाली, "आमच्या मामांनी फेटा मोजला तीच का?"

ती त्याच घरची सून. मला खाली बघावं लागलं. मी खिशातले पैसे देऊन टेलरला त्याचंही माप घ्यायला सांगितलं. तिला ते कळलं तसं तिनं दर बाजाराला पन्नास पन्नास रुपये पाठवायला सुरुवात केली. मी परत पाठवले की पुन्हा यायचे. शेवटचे पन्नास घेऊन पोरगाच आला. म्हणाला, "आय म्हणती, आता फिटलं." गणवेश त्यानं त्या दिवसापास्नं अंगात घातला, तोवर घडी करून ठेवला होता.

ज्यांना वाटतं की गरीब माणूस फुकटासाठी टपून बसलेला असतो, त्यांनी त्या बाईला भेटायला पाहिजे होतं. गुरुजींचा उपकार तिला नको होता. कायद्यानं जे सगळ्या पोरांना मिळतं ते आपल्या पोरालाही मिळावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि सरकारला ते समजायला २०२३ साल उजाडलं. त्या वर्षापासून राज्यानं आपल्या पैशातून उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचं ठरवलं, जोडीला बूट-मोजेही. चांगलं झालं. मी टाळी वाजवली. पण मधल्या वर्षांत किती पोरांनी व्हरांड्यात पसरलेले हात खाली घेतले, त्याची यादी कुठल्याच कार्यालयात नाही.

दुसरी गोष्ट पैसे कुणाच्या हातात द्यायचे याची. २०१७ च्या सुमाराला निर्णय झाला की शाळा व्यवस्थापन समितीला मधे घ्यायचं नाही, पैसे आई आणि मुलाच्या संयुक्त खात्यात थेट टाकायचे. ऐकायला चांगलं वाटतं. गळती नाही, दलाली नाही. पण आधी खातं उघडायचं, आधी कापड घ्यायचं, पावती दाखवायची, मग चारशे रुपये जमा होणार. आधी घ्यायला पैसे असते तर योजना कशाला लागली असती? आमच्या शाळेतल्या एका बाईनं खात्यासाठी बँकेत हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी फोटो नव्हता, दुसऱ्या दिवशी पोराच्या आधारवर नाव चुकलेलं, तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, आधी खात्यात काहीतरी भरा. तीन दिवसांची खुरपणीची हजेरी बुडाली आणि एसटीचं भाडं वेगळं. चारशे रुपये मिळवायला तिचे चारशेच्या वर गेले. "गुरुजी, ह्यापरीस मी एक दिस जादा खुरपीन, पर मला बँकेत धाडू नगा," असं ती म्हणाली. पुढं हा प्रकार बंद झाला, पैसे परत समितीकडं आले. चुकलं असं मात्र कुणी म्हटलं नाही.

तिसरी गोष्ट २०२४ ची. तोवर मी निवृत्त झालो होतो. गावच्या समितीवर मला शिक्षणतज्ज्ञ म्हणून घेतलंय. शब्द मोठा आहे, काम चहापाण्याचं आणि सह्यांचं. त्या वर्षी 'एक राज्य, एक गणवेश'. सगळ्या महाराष्ट्राला आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट, कापडाची खरेदी वरून एकाच ठिकाणी, शिलाई बचत गटांच्या बायकांकडून. दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा, त्याचं कापड शाळेला येणार आणि शिलाई समितीनं करून घ्यायची. शिलाईला आणि वरखर्चाला मिळून ११० रुपये.

पंधरा जूनला शाळा भरली. पोरं जुन्या कपड्यांत, कुणी घरच्या टी-शर्टमध्ये. जुलैत माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला आली, सदाशिवनगरला रिंगण झालं, पालखी वेळापूरकडं गेली. शेकडो वर्षं लाखो माणसं पायी चालतात आणि ठरल्या तिथीला ठरल्या मुक्कामी पोचतात. पंढरीच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत गणवेश काही पोचला नाही. पहिला गठ्ठा आला तेव्हा श्रावण लागला होता. उघडला तर पहिलीच्या पोराला शर्ट गुडघ्यापर्यंत आणि सातवीच्या पोरीला बाही कोपराच्या वर. माप न घेता शिवलेलं कापड कुणाच्या अंगाला बसणार? शिवणाऱ्या बायकांना मी बोल लावत नाही. त्यांना जे आकडे दिले त्या आकड्यांना त्यांनी शिवलं. पोरगं त्यांनी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या गणवेशाचं कापड घेऊन मी स्वतः टेलरकडं गेलो. शिंपी तात्यांचाच नातू. त्यानं कापड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि हसला. "गुरुजी, एकशेधात दोरा, बटणं, चेन आन् माझी मजुरी? लाइटबिल तुमी भरता का?" खरंच होतं. त्याच्या आज्यानं १९७२ ला सुगीच्या बोलीवर शिवलं ते आपण होऊन शिवलं. सरकारनं त्याच बोलीवर कुणाकडनं शिवून घ्यायचं नसतं.

त्याच वर्षी मार्च महिन्यात शिक्षकांनी शाळेत काय घालावं, जीन्स-टी-शर्ट घालू नये, याचा शासन निर्णय निघाला होता. तो वेळेत पोचला. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये, शाळेचं वर्ष निम्मं सरल्यावर, सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम परत समितीकडं दिलं.

या सगळ्यात मला राग येतो तो एका गोष्टीचा. सोलापूर शहर गणवेशासाठी देशभर ओळखलं जातं. तिथले कारखाने कुठल्या कुठल्या राज्यांतल्या शाळांना वर्षानुवर्षं कपडे शिवून देतात, गणवेशाची मोठी प्रदर्शनं भरतात, परदेशातले व्यापारी येतात. त्याच जिल्ह्यातल्या, शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या माळशिरसच्या पोराला ऑगस्टपर्यंत शर्ट मिळत नाही. कापड आहे, कारागीर आहेत, मशिनी आहेत. वेळेवर सुटणारा पैसा तेवढा नाही.

तो का सुटत नाही? समग्र शिक्षामध्ये साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. आराखडा दिल्लीत मंजूर व्हायचा, मग हप्ता, मग राज्याचा वाटा, मग जिल्हा, तालुका, शाळा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि शाळा जूनला. दरवर्षी जून उजाडला की सगळ्यांना नव्यानं आश्चर्य वाटतं. मुख्याध्यापक असताना मी दुकानदाराकडनं उधारीवर कापड उचललंय, आणि पैसे येईपर्यंत बाजाराच्या दिवशी ती गल्ली टाळलीय.

आणि रक्कम किती? २०१८ ला समग्र शिक्षा आली तेव्हा दोन गणवेशांचे चारशेचे सहाशे झाले. एका गणवेशाला तीनशे. पुढची सहा-सात वर्षं तीनशेच राहिले. त्याच काळात माझा महागाई भत्ता वर्षातनं दोनदा वाढत होता, आणि निवृत्तीनंतर पेन्शनवरही वाढतोय. मी घेतो, नाही म्हणत नाही. महागाई मास्तरला लागते आणि पोराच्या कापडाला लागत नाही, असं कसं? मागास आणि गरीब घरच्या मुलींनी प्राथमिक शाळेत टिकावं म्हणून १९९२ मध्ये सरकारनं रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. तेव्हा रुपयाला किंमत होती. तीस वर्षं गेली तरी तो रुपयाच. एकदा आकडा ठरवला की तो दगडावर कोरायचा, अशीच रीत दिसते.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्या भागात जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावांत चौथीपर्यंत. पाचवीला पोरं संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात जातात. मास्तरांचा पगार सरकार देतं, पण मोफत गणवेश तिथं नाही, कारण योजना सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळांपुरती. म्हणजे चौथीत जे पोर गरीब होतं ते पाचवीत गेलं की रातोरात सावकार झालं! तिथला गणवेश, पीटीचा वेगळा, वर बूट. अमुक दुकानातनंच घ्या अशी सक्ती करू नये असे सरकारी आदेश आहेत, पण गावात सगळ्यांना दुकानाचं नाव पाठ असतं. दोन पोरं असलेल्या घरात जूनचा महिना बी-बियाणं घ्यायचं की कपडे घ्यायचे, यातच जातो. कपडे मागं पडतात आणि पोर "पोटात दुखतंय" म्हणून घरी राहतं. हजेरीपटावर आजारी असं लिहिलं जातं. अशी दुखणी मी पुष्कळ बघितलीत. पँट मिळाली की बरी होतात.

मला माझे शहरातले मित्र म्हणतात, "सगळंच फुकट दिलं की किंमत राहत नाही." त्यांना मी विचारतो, तुमच्या पोराला वर्गात बसायला बाक मिळतो, त्याचे वेगळे पैसे देता का? फळा, खडू, मास्तर, हे सगळं शाळेचंच धरतो ना आपण? गणवेश शाळेनं घाल म्हणून सांगितलेला आहे. तो पोराची हौस नाही. ज्या वस्तूवाचून पोराला रांगेत मागं पाठवता, ती वस्तू शाळेनंच द्यायला पाहिजे. देणं जमत नसेल तर सक्ती करू नका, पोरं घरच्या कपड्यांत येतील. पण सक्तीही करायची आणि शर्टही द्यायचा नाही, हे दोन्ही एकदम चालणार नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. वार्षिक परीक्षा संपताना एप्रिलमध्ये मापं घ्या. पैसे मेमध्ये समितीच्या खात्यात पडू द्या, केंद्राचा हप्ता येईपर्यंत राज्यानं आगाऊ द्यावेत. दर दरवर्षी कापडाच्या आणि शिलाईच्या भावाबरोबर वाढवा. शिलाई गावातल्या, शेजारच्या गावातल्या टेलरला आणि बचत गटाच्या बायकांना द्या, पण पोराचं माप घेऊन आणि परवडेल अशी मजुरी देऊन. आणि चौथीनंतर, आठवीनंतर थांबू नका. अनुदानित शाळेतल्या दहावीच्या पोरापर्यंत पोचा. यात आभाळातली एकही गोष्ट नाही.

गेल्या पंधरा ऑगस्टला मी झेंडावंदनाला शाळेत गेलो होतो. मुलं रांगेत उभी होती. नवीन लागलेला तरुण शिक्षक रांगेवरनं नजर टाकत चालला होता. एका पोराच्या अंगात गणवेश नव्हता, लाल चौकड्यांचा शर्ट होता. शिक्षक त्याच्यापाशी थांबला. माझा जीव टांगणीला लागला. त्यानं पोराच्या शर्टाची कॉलर सारखी केली आणि पुढं निघून गेला. पोरगं तिथंच, दुसऱ्या रांगेत उभं राहिलं आणि मोठ्यानं राष्ट्रगीत म्हणायला लागलं.

त्या शिक्षकाला मी नंतर काही बोललो नाही. पण एकेका मास्तराच्या भलेपणावर ही गोष्ट सोडून चालणार नाही. सगळेच मास्तर तसे नसतात. मीही एकदा नव्हतो.